विल्यम ब्लॅनफर्ड : खडकांतील हवामान वाचणारा भूशास्त्रज्ञ

बुऱ्हाणपूर म्हटले की बहुतेकांना मोगल आठवतात, आणि ते स्वाभाविकच आहे. १६३१ साली मुमताज महाल याच शहरात मरण पावली. त्याआधी खानखानान अब्दुल रहीम यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी भुयारांवाटे शहरात आणणारा कुंडी भंडारा येथे तयार झाला. माझे घराणे मूळचे बुऱ्हाणपूरचे. नोकरीच्या निमित्ताने मी या सीमाभागात भूशास्त्र शिकवायला आलो आणि येथलाच झालो. पण माझ्या गावाविषयी कोणी विचारले, तर मी बादशहांपासून सुरुवात करीत नाही. ज्या तापीच्या काठी हे गाव वसले, त्या तापीच्या खोऱ्याचा सविस्तर भूशास्त्रीय वृत्तांत ज्यांनी लिहिला, त्या विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यांच्यापासून करतो.

हे नाव भूशास्त्राच्या आणि प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. इतर विद्यार्थ्यांनीही ते ओळखावे असे मला वाटते, आणि त्याला एक कारण आहे. दरवर्षी वर्गात कोणीतरी विचारतोच की, कोट्यवधी वर्षांपूर्वी अमुक ठिकाणी बर्फ होते, तमुक ठिकाणी वाळवंट होते, असे तुम्ही सांगता. पण ते पाहायला कोण गेले होते? प्रश्न रास्त आहे. आपल्या देशातील पाऊसपाण्याच्या नियमित नोंदी जेमतेम दोनशे वर्षांच्या. त्यामागचे सगळे हवामान कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. ते दगडमातीत आहे, आणि दगडाची साक्ष कशी घ्यावी, ती कोठवर मानावी, हे ब्लॅनफर्ड यांच्या चरित्राइतके स्पष्टपणे मला दुसऱ्या कोठे सापडले नाही.

त्यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८३२ रोजी लंडन येथे झाला. वडिलांचा सोनेरी मुलाम्याच्या चौकटी व पट्ट्या बनविण्याचा कारखाना होता. मुलाने व्यापारात पडावे या हेतूने त्यांना काही काळ इटलीतील एका पेढीत ठेवण्यात आले. तेथून परतल्यावर मात्र १८५२ मध्ये त्यांनी लंडनच्या खाणकाम विद्यालयात नाव घातले. धाकटा भाऊ हेन्री हाही त्यांच्याबरोबरच शिकू लागला. पुढे जर्मनीतील फ्रायबर्गच्या प्रसिद्ध खनिज विद्यालयातही ते राहिले. १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखाली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे काम सुरू झाले होते. तिला तरुण माणसे हवी होती. दोघाही भावांची निवड झाली आणि १८५५ साली ते कलकत्त्यास उतरले.

सरकारला त्या वेळी भूशास्त्रापेक्षा कोळशाची निकड अधिक होती. १८५३ मध्ये रेल्वे धावू लागली होती आणि तिच्या इंजिनांना इंधन पाहिजे होते. म्हणून पहिल्याच हिवाळ्यात ब्लॅनफर्ड बंधू आणि त्यांचे सहकारी विल्यम थिओबाल्ड यांना तेव्हाच्या ओरिसातील तालचेर येथील कोळशाचे क्षेत्र तपासण्यास धाडण्यात आले. विल्यम तेव्हा २३ वर्षांचे होते आणि हेन्री २१ वर्षांचे.

कोळशाच्या थरांच्या खाली त्यांना एक चमत्कारिक थर आढळला. हिरवट रंगाचा अत्यंत बारीक गाळ, आणि त्या गाळात रुतलेले ग्रॅनाइट व तत्सम खडकांचे गोटे. काही लहान, तर काही माणसाला हलवता येऊ नयेत इतके प्रचंड. विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबून विचार करावा. बारीक गाळ तळाशी बसायचा तर पाणी संथ पाहिजे. वाहत्या पाण्यात तो बसतच नाही, पुढे निघून जातो. उलट मोठे गोटे वाहून आणायचे तर पाण्याला प्रचंड जोर पाहिजे. जे पाणी गोटे आणील ते गाळ ठेवणार नाही, आणि जे गाळ ठेवील ते गोटे आणणार नाही. मग दोन्ही एकाच थरात आले कसे?

या तिघांनी जो निष्कर्ष काढला तो त्या काळी धाडसाचा होता. पाण्याला न पेलणारा धोंडा संथ पाण्याच्या मध्यावर नेऊन सोडू शकेल अशी निसर्गात एकच गोष्ट त्यांना दिसत होती, ती म्हणजे बर्फ. बर्फात गोठलेला दगड बर्फाबरोबर तरंगत जातो, आणि बर्फ वितळले की तळाच्या गाळात जाऊन पडतो. म्हणजे जेथे उन्हाळ्यात अंगाची लाही होते त्या तालचेरच्या भूमीवर एके काळी बर्फ होते, असे म्हणणे त्यांना भाग पडले. १८५६ मध्ये सर्वेक्षण संस्थेच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात हा अहवाल प्रसिद्ध झाला.

तो सहजासहजी मानला गेला नाही. युरोपात अलीकडच्या हिमयुगाची कल्पना त्या वेळी कुठे रुजत होती. तीही उत्तरेकडच्या थंड प्रदेशांपुरती. उष्ण कटिबंधात, आणि तेही कोळशाच्या आधीच्या प्राचीन काळी, बर्फ कसे येणार? शिवाय बर्फाने घासलेल्या दगडावर जे ओरखडे उठतात ते तालचेरला दाखवता आले नव्हते. ब्लॅनफर्ड यांच्याजवळ कारणमीमांसा नव्हती. तो प्रदेश एखाद्या तिबेटसारख्या उंच पठारावर असावा काय, असा एक तर्क तेवढा केलेला होता. त्यांच्या हाती होती फक्त साक्ष. ती त्यांनी जशी होती तशी नोंदविली, आणि उत्तर सापडत नाही म्हणून साक्ष मागे घेतली नाही.

पुढचा पुरावा आपल्या मराठी मुलखात सापडला. १८७२ मध्ये चंद्रपूरजवळ पैनगंगेच्या पात्रात इरई येथे ओल्डहॅम आणि फ्रान्सिस फेडन यांना तालचेरच्याच जातीचा थर आढळला. त्यातील गोट्यांवर ओरखडे होतेच. पण त्याखालची चुनखडीच्या खडकाची फरशीही घासून गुळगुळीत झालेली होती, आणि तिच्यावर समांतर रेघा उमटलेल्या होत्या. नदीचे पाणी दगड झिजवते; पण अशा सरळ, एका दिशेच्या रेघा ते ओढीत नाही. त्या सरकणाऱ्या बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांच्या खुणा होत. फेडन यांनी १८७५ मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. तालचेरच्या अहवालानंतर जवळजवळ वीस वर्षे लोटली होती.

मधल्या काळात ब्लॅनफर्ड स्वस्थ बसले नव्हते. १८६० नंतरची काही वर्षे त्यांनी पश्चिम भारतात घालविली. सर्वेक्षणाचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू व्हायचा आणि उन्हाळा कडक झाला की संपायचा. तंबू, घोडा, उंट आणि हातोडा एवढ्या सामग्रीवर हजारो चौरस मैलांचे नकाशे तयार केले जात. या कामातून त्यांचे दोन महत्त्वाचे ग्रंथ निघाले. १८६७ चा ग्रंथ पश्चिम व मध्य भारतातील काळ्या पाषाणावर आणि त्याच्या थरांमध्ये सापडणाऱ्या गाळावर आहे. १८६९ चा तापीच्या व खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांवर.

आपले दख्खनचे पठार लाव्हाच्या थरावर थर साचून झाले, हे आज शाळेतील मुलालाही ठाऊक असते. पण दोन थरांच्या मध्ये काय आहे, याकडे फार थोडे लक्ष देतात. एक लाव्हा थंड झाला आणि दुसरा यायला अवकाश होता, तेवढ्या काळात तेथे तळी साचली, त्यांत गोड्या पाण्यातील शंखशिंपले वाढले, काठावर झाडे उगवली. पुढच्या लाव्हाने ती गाडली. घाटातून जाताना काळ्या दगडांच्या मध्ये विटकरी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तीही अशाच विश्रांतीची खूण. उघड्या पडलेल्या दगडाची ऊनपावसाने माती झाली ती ही. ज्याला आपण नुसता अग्नीचा इतिहास समजतो त्यात सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे पाऊसपाणीही लिहिलेले आहे, हे अशा थरांच्या अभ्यासाने कळले.

तापीचे खोरे हा मला अर्थातच जवळचा विषय. बुऱ्हाणपूरपासून पश्चिमेकडे नंदुरबारपर्यंत खानदेशचा गाळाचा सपाट पट्टा पसरला आहे. पूर्वेकडे वऱ्हाडात पूर्णेचा दुसरा. काही ठिकाणी या गाळाची जाडी शंभर मीटरहून अधिक आहे. नदीने एके काळी हा गाळ आणून टाकला, आणि नंतर तीच नदी तो कापून खोल गेली. आज उंच दरडींच्या तळाशी ती वाहताना दिसते. एकच नदी कधी भरते आणि कधी कापते, याला जमिनीची हालचाल जशी कारण असते तसे पावसाचे मानही असते. दरडीत कोठे गोट्यांचा थर असतो, कोठे बारीक पिवळट गाळ, तर कोठे चुन्याचे खडे. हे चुन्याचे खडे, ज्यांना आपण कंकर म्हणतो, जमिनीतले पाणी वर येऊन उडून जाते आणि विरघळलेला चुना मागे राहतो तेव्हा बनतात. म्हणजे कोरडा ऋतू लांब असला पाहिजे. पूर्णेच्या गाळात पूर्वी खोल विहिरी घेऊन खारे पाणी काढीत आणि त्याचे मीठ करीत. अकोला, अमरावती, बुलढाणा या भागातील खारपाणपट्टा तो हाच. त्या मिठाच्या उगमाचा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर शंभर वर्षांनी याच खानदेशात, चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे, पुरातत्त्वज्ञ शं. अ. साळी यांना अश्मयुगीन हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. ती सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची ठरली. शहामृग हा मोकळ्या, कोरड्या माळरानाचा पक्षी. आज जेथे केळीच्या बागा आहेत त्या प्रदेशाच्या शेजारी तो अंडी घालीत होता! आपल्या भागातील विद्यार्थ्यांना असेच उदाहरण घटप्रभेचे देता येईल. ब्लॅनफर्ड यांचे सहकारी रॉबर्ट ब्रूस फूट यांना गोकाकजवळ नदीच्या जुन्या गाळात गेंड्याचे जीवाश्म सापडले आणि १८७४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. आता तेथे गेंडा नाही, आणि त्याला लागणारी दलदल व गवतही नाही.

१८६७ च्या अखेरीस ब्लॅनफर्ड यांना सैन्याबरोबर ॲबिसिनियाच्या मोहिमेवर पाठविण्यात आले. सैन्य मॅग्डालाच्या किल्ल्यावर चालले होते आणि हे दगड व पक्षी गोळा करीत होते. तेथील काळे पठार पाहून त्यांना दख्खनची आठवण झाल्यावाचून राहिली नसेल. दोन्हींचे साम्य त्यांच्या ग्रंथात नोंदलेले आहे. पुढे १८७२ मध्ये इराणच्या सरहद्दीची पाहणी करणाऱ्या मंडळाबरोबर ते त्या देशातून फिरले. इराणच्या ओसाड खोऱ्यांत भरलेला जाड गाळ पाहून त्यांनी असे मत मांडले की, तेथे पूर्वी आजच्यापेक्षा अधिक पाऊस पडत असावा आणि आज वाळवंट आहे तेथे सरोवरे असावीत. कुंडी भंडाऱ्याची युक्ती इराणचीच. ज्या देशाने पाणी कमी पडल्यावर जमिनीखाली भुयारे खोदण्याची कला शिकविली, त्याच देशाच्या मातीत पाणी कसे कमी होत गेले हे ब्लॅनफर्ड वाचत होते, याचे मला नेहमी नवल वाटते.

१८७९ मध्ये हेन्री मेडलिकॉट यांच्या सहकार्याने त्यांनी भारताच्या भूशास्त्रावरील सुप्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. त्यात त्यांच्या दुहेरी विद्वत्तेचा एक सुंदर नमुना आहे. ते जितके भूशास्त्रज्ञ तितकेच प्राणिशास्त्रज्ञ होते. हिमालयातील काही वनस्पती व प्राण्यांचे अगदी जवळचे भाऊबंद दक्षिणेत निलगिरीसारख्या उंच डोंगरांवर आढळतात, मधल्या हजारबाराशे मैलांच्या उष्ण मैदानात मात्र नाहीत. मग ते गेले कसे? ब्लॅनफर्ड यांचे उत्तर असे की, अलीकडच्या हिमयुगात भारताची मैदानेही आजच्यापेक्षा थंड झाली असली पाहिजेत. तेव्हा हे जीव दक्षिणेत पसरले, आणि पुन्हा उष्मा वाढल्यावर डोंगरमाथ्यांवर अडकून पडले. दगड बोलत नसेल तेथे त्यांनी झाडाझुडपांची साक्ष काढली.

१८८२ मध्ये सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर ते निवृत्त झाले. १८७४ मध्येच ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले होते. १८८३ मध्ये त्यांना वुलस्टन पदक मिळाले आणि १८८८ ते १८९० या काळात ते लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेचे अध्यक्ष होते. भारताच्या प्राणिसृष्टीवरील मोठ्या ग्रंथमालेचे संपादन त्यांच्याकडे होते. तरीही तालचेरचा प्रश्न त्यांनी सोडला नव्हता. थरांतील वनस्पतींवरून ते खडक बरेच अलीकडचे मानण्याकडे अनेकांचा कल होता. १८८६ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी मिठाच्या डोंगराच्या रांगेतील आणि ऑस्ट्रेलियातील नवा पुरावा एकत्र करून दाखवून दिले की, हे हिमयुग पुराजीव महाकल्पातले आहे. आज आपण त्याचे वय सुमारे ३० कोटी वर्षे धरतो. दक्षिण आफ्रिकेतही असेच थर मिळाले होते. एकट्या तालचेरची साक्ष आता तीन खंडांची झाली.

खंडांमध्ये पूर्वी जमिनीचे दुवे होते आणि ते पुढे समुद्रात बुडाले, असे त्यांचे मत होते. २३ जून १९०५ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले, तेव्हाही तालचेरच्या बर्फाचे समाधानकारक कारण कोणाला सांगता येत नव्हते. ते १९१२ नंतर आल्फ्रेड वेगेनर यांनी सुचविले. बर्फ भारताकडे आले नव्हते; भारतच दक्षिण ध्रुवाजवळ होता. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका एकत्र जोडलेले होते आणि त्यांच्यावर एकच हिमाच्छादन पसरले होते. वेगेनर यांच्या पुराव्यांत या गोट्यांच्या थरांना मोठे स्थान आहे. ब्लॅनफर्ड यांचे बुडालेल्या भूमीचे स्पष्टीकरण टिकले नाही. पण त्यांनी पाहिलेला थर टिकला, आणि त्याने पृथ्वीविषयीची सारी कल्पना बदलण्यास हातभार लावला.

धाकट्या भावाविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. हेन्री ब्लॅनफर्ड यांनीही प्रथम दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या भागात भूशास्त्राचे उत्तम काम केले, पण पुढे ते हवामानशास्त्राकडे वळले. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले तेव्हा त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. लगेच १८७६-७८ चा भीषण दुष्काळ ओढवला. आपल्या कर्नाटकाच्या आणि दक्षिण महाराष्ट्राच्या गावोगावी त्याच्या आठवणी पिढ्यानपिढ्या राहिल्या. पाऊस का चुकतो, याचा शोध घेताना हेन्री यांनी १८८४ मध्ये हिमालयातील हिवाळी बर्फाचा आणि पुढच्या पावसाळ्याचा संबंध जोडला. १८८६ पासून त्या आधारे मान्सूनचा अंदाज देण्यास आरंभ झाला. हे नाते काही वर्षी जुळे, काही वर्षी चुके. तरी या देशातील मान्सूनच्या अंदाजाची परंपरा तेथूनच सुरू होते. तालचेरला एकत्र उभे राहिलेल्या या दोन भावांपैकी एकाने कोट्यवधी वर्षांपूर्वीचे बर्फ शोधले आणि दुसऱ्याने यंदाचे बर्फ मोजून यंदाचा पाऊस सांगण्याचा प्रयत्न केला.

या दोन कामांना आता वेगळे ठेवता येत नाही. बस्तरमधील दंडक गुहेत ठिबकणाऱ्या पाण्याने चुन्याचे जे खांब वाढले, त्यांतील प्राणवायूच्या जड व हलक्या अणूंचे प्रमाण मोजून गेल्या हजारेक वर्षांतील मान्सूनचा चढउतार काढण्यात आला आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकांत पाऊस वारंवार आणि दीर्घकाळ चुकल्याचे त्यातून दिसते. दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणून जो आपल्या लोकांच्या स्मरणात राहिला, तो याच काळातला. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कळले आहे. ते दर दहा लाख भागांत १८० ते ३०० या मर्यादेत हलत होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे.

या आकड्यांचा अर्थ मला माझ्या गावाकडे पाहून चटकन कळतो. १६३० साली पाऊस गेला तेव्हा शाहजहान दख्खनच्या स्वारीसाठी बुऱ्हाणपुरातच होता. गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये माणसे अन्नावाचून मेली. सम्राट मुक्कामाला होता म्हणून पाऊस आला नाही. आज तापीकाठी केळीच्या बागांसाठी जमिनीखालचे पाणी उपसले जाते आणि विहिरी दरवर्षी खोल जात आहेत. हे पाणी ज्या गाळात आहे तो गाळ एका वेगळ्या हवामानात साचला. तो पुन्हा किती भरेल हे पुढच्या हवामानावर अवलंबून आहे. हवामान बदलते, कधी फार बदलते, ही गोष्ट दगडांनी निःसंशय सिद्ध केली आहे. काहीजण त्यावरून, मग आज काळजी कशाची, असा अर्थ काढतात. मला तो अर्थ उलटा वाटतो. पूर्वीच्या बदलांत शहामृग गेले, गेंडे गेले, सरोवरे आटली. त्या काळी तापीकाठी शहरे नव्हती, शेती नव्हती आणि कर्जावर घेतलेली मोटरही नव्हती.

विद्यार्थी मित्रांना शेवटी एकच सांगावेसे वाटते. ब्लॅनफर्ड यांच्या अहवालांत काय दिसले ते आधी असते आणि त्यावरून काय वाटते ते नंतर, वेगळे. म्हणून त्यांचे मत बाजूला पडले तरी त्यांचे निरीक्षण आजही वापरता येते. तुमच्या सहलीच्या वह्यांतही एवढे पथ्य पाळा. घटप्रभेच्या काठी गेलात, किंवा माझ्या गावी तापीवर आलात, तर दरडीसमोर उभे राहून आधी थर मोजा, गोट्यांचा आकार लिहा, चुन्याचे खडे कोणत्या थरात आहेत ते टिपा, चित्र काढा. कारण लगेच सुचले नाही तर ती जागा कोरी ठेवा. तालचेरच्या वहीत ती जागा छप्पन्न वर्षे कोरी होती.